फॅमिली बोट: १९ फुटी नवी घ्यावी की २५ फुटी जुनी? (डेट्रॉईट परिसर)

नोव्हीकर
नमस्कार मंडळी. डेट्रॉईटजवळ नोव्हीला राहतो. दर उन्हाळ्यात भाड्याची बोट घेऊन कास लेकवर जातो आणि यंदा घरात ठराव पास झालाय की आता स्वतःची घ्यायची. बजेट तीस हजार डॉलरच्या आत. दोन बोटी बघून ठेवल्यात, किंमत जवळजवळ सारखीच, त्यामुळेच डोकं चालेनासं झालंय.

पहिली १९ फुटी बोरायडर, म्हणजे पुढे नाकाकडेही बसायला जागा असते ती. २०१९ची, व्ही-६ इंजिन, ट्रेलरसकट. दुसरी २५ फुटी, २००६ची, व्ही-८, खाली छोटी केबिन, दोघं झोपतील एवढी गादी, सिंक आणि मुख्य म्हणजे दार लावता येईल असं टॉयलेट. ही लेक सेंट क्लेअरवर एका मरिनात स्लिपमध्ये (पाण्यातली भाड्याची पार्किंगची जागा) उभी असते, ट्रेलर नाही.

घरात आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. आई-बाबा उन्हाळ्यात भारतातून येतात, आईचे गुडघे दुखतात. मेव्हण्याची फॅमिली ट्रॉयला असते, ते चौघं बोलावलं तरी येतात आणि नाही बोलावलं तरी येतात. गाडी टोयोटा हायलँडर. मला मनातून मोठी हवीये, बायको म्हणते लहान. ज्यांच्याकडे बोट आहे किंवा होती त्यांनी अनुभव लिहा. पाँटून (नळकांड्यांवर तरंगणारी सपाट बोट) घ्या असं कृपया लगेच सुचवू नका.

अनघा_कॅन्टन
पाँटून घ्या.

पक्या
हाहा अनघाताई!
नोव्हीकर, पहिला प्रश्न, हायलँडर साधी की हायब्रिड? साधी असेल आणि टो पॅकेज असेल तर ५,००० पौंड ओढते, हायब्रिड ३,५०० वरच थांबते. लोक बोटीचं ब्रोशरमधलं वजन बघतात, आणि ते असतं कोरडं, म्हणजे पेट्रोल-सामानाशिवायचं. आता हिशोब करा, १९ फुटी बोट इंजिनसकट साधारण ३,००० पौंड, पेट्रोल गॅलनला सहा पौंड म्हणजे ३५ गॅलनची टाकी भरली की दोनशेच्या वर, नांगर, दोर, जॅकेटं, कूलर, ट्यूब (बोटीमागे ओढायची फुगवलेली) मिळून तीनशे धरा, आणि ट्रेलर आठशे-नऊशे. झाले ४,४००. हायब्रिड असेल तर ही लहान बोटसुद्धा तुमच्या गाडीला मोठी आहे.

२५ फुटीचं तर बोलायलाच नको. कोरडी साडेपाच-सहा हजार, पेट्रोल, पाणी, सामान आणि दीड हजाराचा ट्रेलर, म्हणजे आठ-साडेआठ हजार. त्याला पिकअपच लागतो, त्यातही नीट बघून घेतलेला. लांबी तिसऱ्या हिश्शानेच वाढली पण वजन दुप्पट झालं, कारण रुंदी आणि उंची पण बरोबर वाढते ना.

नोव्हीकर
साधी आहे, व्ही-६, टो पॅकेज आहे. मोठी घेतली तर ओढणारच नाहीये, स्लिपमध्येच ठेवेन असं डोक्यात आहे.

तिरका_नांगर
ओढायचं नंतर बघू, आधी सांगा पाणी कुठलं? तुम्ही कास लेक लिहिलंय आणि मोठी बोट सेंट क्लेअरला आहे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत हो.

कास लेक ओकलंड काउंटीतला सगळ्यात मोठा तलाव, पण तरी १,२८० एकर. २५ फुटी बोट तिथे घेऊन गेलात तर इंजिन गरम होईपर्यंत समोरचा काठ येतो. सेंट क्लेअर ४३० चौरस मैल, निम्म्याहून कमी इकडे, बाकी कॅनडात, आणि खोली सरासरी अकरा फूटच. इथेच नवीन माणूस फसतो, त्याला वाटतं उथळ म्हणजे सेफ. उथळ पाण्यात वारा सुटला की लाट आखूड आणि उभी होते, एकीतून बोट वर येतेय तोवर दुसरी नाकावर. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी उत्तर-ईशान्येचा वारा धरला की दोन-तीन फुटांच्या लाटा करतं. २५ फुटीत तुम्ही वैतागता, १९ फुटीत पुढे बसलेली मुलं भिजतात आणि आजीची कंबर कामातून जाते.

म्हणून माझं सरळ मत, कास लेक, ऑर्चर्ड लेक, पाँटियाक लेक हेच करणार असाल तर १९ फुटी, दुसरा विचारच नको. सेंट क्लेअर करणार असाल तर १९ फुटी चालते, पण मग तुम्ही वाऱ्याचे गुलाम. हवामान खात्याचा लेक सेंट क्लेअरचा मरीन फोरकास्ट वेगळा असतो, फोनवरचा ढग-सूर्य बघून निघू नका. दहा नॉटच्या आत जा, पंधरा दिसलं तर घरी मिसळ करा.

बेलआईल
मी विरुद्ध पार्टीतला. आमच्याकडे २६ फुटी आहे, सेंट क्लेअरवरच.

बोट घेताना सगळे पेट्रोल, वजन, ट्रेलर बोलतात पण बोटीवर किती वेळ बसवेल हे कोणी बोलत नाही. लहान बोटीवर तीन तास झाले की पोरं कुरकुर करतात, ऊन लागतं, कुणालातरी जायचं असतं (नोव्हीकरांना कळेल, आई-बाबा आहेत) आणि मग ट्रिप संपते. आम्ही सकाळी डबा घेऊन निघतो, क्लिंटन रिव्हरमधून बाहेर पडतो, सेंट क्लेअर फ्लॅट्सकडे, म्हणजे तिथल्या उथळ भागाकडे, मस्कमूट बेला नांगर टाकतो, पाणी कमरेएवढं असतं, पोरं दिवसभर पाण्यात. दुपारी धाकटं केबिनमध्ये झोपतं, बायको सावलीत वाचते. हे १९ फुटीत होणार नाही म्हणजे नाही.

आणि एक, वादळ आलं तर आत बसायला जागा असते. जुलैत इथे तासाभरात आभाळ भरून येतं.

पक्या
बेलआईल, सगळं मान्य, पण खर्च पण लिहा की राव. नाहीतर नोव्हीकर उद्या चेक फाडतील.

बेलआईल
लिहितो.
स्लिप फुटाप्रमाणे, आणि मरिनावाले कागदावरची लांबी नाही धरत, मागचा स्विम प्लॅटफॉर्म आणि पुढचा नांगराचा दांडा धरून मोजतात. २५ फुटी बोट बिलावर २७-२८ होते. हिवाळ्यात बाहेर काढणं, धुणं, श्रिंकरॅप (प्लास्टिकचं घट्ट आवरण), यार्डात उभी करणं, हे पण फुटाप्रमाणे. ढोबळ नियम असा की पेट्रोल इंजिन फुल थ्रॉटलला हॉर्सपॉवरच्या दहाव्या हिश्शाएवढे गॅलन तासाला पितं. म्हणजे ३०० हॉर्सपॉवरला तीस, क्रूझिंगला त्याच्या निम्मं धरा. १९ फुटी क्रूझिंगला सात-आठ. मैलाच्या भाषेत मोठी गॅलनला दीड-दोन मैल, लहान चारच्या आसपास. आणि मरिनातलं पेट्रोल रस्त्यावरच्या पंपापेक्षा महागच असतं.

पण आम्ही नांगर टाकून बसतो, हिंडत नाही. मोठ्या बोटीचा खर्च स्लिपमध्ये आहे, पेट्रोलमध्ये कमी.

लेकवाली
वाचतेय. आमचं पण हेच चाललंय. मला वाटतं बेलआईल आणि नांगर दोघंही बरोबर आहेत, फरक इतकाच की नोव्हीहून सेंट क्लेअरच्या काठी हॅरिसन टाउनशिपला जायला ट्रॅफिक नसताना तास लागतो आणि कास लेक अर्ध्या तासावर आहे. ऑफिस सुटल्यावर बुधवारी संध्याकाळी कुठे जाल? सूर्य जून-जुलैत नऊनंतर मावळतो इथे, हीच तर मजा आहे. लहान बोट ड्राइव्हवेत उभी असेल तर साडेपाचला हुक लावून कास लेकवरच्या डॉज नंबर फोर पार्कच्या रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायचा उतार) साडेसहाला पाण्यात. मोठी बोट म्हणजे फक्त शनिवार, आणि शनिवारी पाऊस, वाढदिवस, मंडळाचा कार्यक्रम, मुलीचं सॉकर.

रेवस_बंदर
मी अलिबागचा, लेकबिकचा अनुभव शून्य, पण बोटीत वाढलोय म्हणून दोन शब्द. आमच्याकडे पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचा बंद ठेवतात, मोठ्या लाँचा बरं का. कारण लांबीने सगळं भागत नाही, पाणी कसं आहे त्यावर आहे. तर भाऊ, फूट मोजू नका, बोटीत उभे राहा आणि कडा किती उंच आहे ते बघा. पाच वर्षांचं पोर कडेला टेकलं तर कड त्याच्या छातीला लागते की मांडीला? मांडीला लागत असेल तर ते पाण्यात जाणार, आज ना उद्या.

दुसरं, पुढची बसायची जागा. मोठं जहाज गेलं की लाट मागाहून येते, आणि चालवणारा घाबरून एकदम वेग तोडतो. वेग तोडला की नाक खाली बसतं आणि पुढे चार जण बसलेले असतील तर पाणी थेट आत. लाट येताना आधी माणसं मागे घ्या, मग वेग हळू कमी करा, आणि लाट किंचित तिरकी घ्या.

तिसरं, जॅकेट. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीचं काय झालं सगळ्यांनी पाहिलंय, तिथे तर पाणी शांत होतं. जॅकेट सीटखाली असून उपयोग नसतो.

तिरका_नांगर
रेवसभाऊंना अनुमोदन. त्या फ्लॅट्सच्या बाजूने मोठ्या बोटींचा चॅनल खोदलेला आहे, लेक ह्युरॉनहून येणारी हजार फुटी मालवाहू जहाजं तिथून जातात. त्यांना ना थांबता येतं ना वळता येतं.

जॅकेटबद्दल कायदा पण सांगून ठेवतो, मिशिगनमध्ये सहा वर्षांखालच्या मुलाने उघड्या डेकवर जॅकेट घालायलाच लागतं, म्हणजे तुमचा धाकटा आलाच त्यात. मुलीला पण घालाच. आणि एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटीत वेगात असताना चालवणाऱ्याने किल-स्विचची (तो पडला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी अंगाला लावायची. लांबीने तुमच्या दोन्ही बोटी त्यात येतात.

अनघा_कॅन्टन
आता माझं ऐका. पाँटून मी उगाच नाही म्हटलं. आमच्या सासूबाईंना बोरायडरमध्ये चढवायला दोन माणसं लागायची, आधी डॉकवरून कडेवर पाय, मग सीटवर पाय, मग खाली. पाँटूनला फाटक असतं, डॉकच्या लेव्हलला, चालत आत. टेबल, छत, आणि बसायला घरच्या सोफ्यासारखं. सेंट क्लेअरच्या लाटांत पाँटून नको हे मान्य, नाक पाण्यात खुपसतं. पण कास लेकला तिच्यासारखी नाही.

आणि केबिनचं टॉयलेट. नोव्हीकर, तुम्ही त्यात जाऊन उभे राहिलात का? उभं राहता येतं का? २५ फुटीत केबिनच्या पायऱ्या उभ्या असतात, छत खाली, दार अर्धं. ज्या आजीचे गुडघे दुखतात ती हलत्या बोटीत त्या चार पायऱ्या उतरून वाकून आत जाणार आणि परत वर येणार? ती त्यापेक्षा सकाळपासून पाणीच पिणार नाही. मी पाहिलंय हे.

नोव्हीकर
अनघाताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. टॉयलेट आहे एवढंच लिस्टमध्ये टिक केलं होतं. बाबा व्हिडिओ कॉलवर फोटो बघून म्हणाले "मोठी घे, मी आत झोपेन."

सौ_नोव्हीकर
धागाकर्त्यांची बायको. आयडी खास यासाठी काढला.

एक, आई-बाबा वर्षातले जेमतेम दोन-अडीच महिने असतात, त्यातले गार आणि पावसाचे दिवस सोडा. त्यांच्यासाठी वर्षभर स्लिपचे पैसे भरणार का?
दोन, भाड्याची बोट डॉकला लावताना हे चालवतात आणि मी दोर घेऊन उडी मारते. १९ फुटी हाताने ढकलता येते. तीन टनांची बोट वाऱ्यात डॉकवर यायला लागली तर मी मध्ये पाय घालणार नाहीये.
तीन, माझा भाऊ बोलावलं नाही तरी येतो हे सगळ्या जगाला सांगायची गरज नव्हती.

पक्या
सौ. नोव्हीकर, धाग्याचा निकाल लागला असं समजतो :)
पण पाय मध्ये घालू नका हा मुद्दा मस्करीवारी नेऊ नका कोणी. एक इंजिन असलेली, उंच कडांची बोट हळू वेगात वारा लागला की शिडासारखी वाहत जाते. मोठी घेणाऱ्यांनी दोघांनीही शिकायला हवं, एक चालवणारा आणि एक घाबरणारा असं जमत नाही. रॅम्पवर नवरा-बायकोंची जी जुगलबंदी चालते ती ऐकायला लोक खुर्च्या टाकून बसतात, खरंच.

मुक्त_मोटार
जुन्या बोटींवर काम करतो (छंद म्हणून, धंदा नाही). तुलना २५ आणि १९ ची नाहीये, २००६ आणि २०१९ ची आहे, हे कोणीच लिहिलं नाही अजून.

२००६ची स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंखा मागे बाहेर) घेताना बेलोज कधी बदलले ते विचारा, ती मागची रबरी भाती. फाटली तर पाणी आधी बेअरिंगमध्ये आणि नंतर बोटीत. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची भिंत, ओलं झालंय का (हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकून बघतात, बद्द आवाज आला की लाकूड कुजलं), वायरिंगमध्ये आधीच्या मालकाने काय उद्योग केलेत. स्वतंत्र सर्व्हेअर लावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. पाण्यात चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

हिवाळा. ब्लॉकमध्ये तलावाचं पाणी राहिलं आणि मिशिगनची थंडी लागली की ब्लॉक तडकतो, इंजिन गेलं. विंटरायझेशन, म्हणजे थंडीआधी ते पाणी काढणं, दोन्ही बोटींना लागेल. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन) असेल तर खाली सरळ केलं की पाणी आपोआप निथळतं, त्यामुळे मी आज घेतली असती तर आउटबोर्डचीच घेतली असती.

आणि गॅस. इंजिन पेटीत असतं तिथे सुरू करायच्या आधी ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं चालवायचाच. पेट्रोलची वाफ जड, खाली तळाला साठते. कार्बन मोनॉक्साइडचा पण धोका असतो, इंजिन चालू असताना मागच्या प्लॅटफॉर्मवर पोरांना बसू द्यायचं नाही, आणि केबिन असेल तर आत डिटेक्टर चालू पाहिजे. मोठ्या बोटीत बाबा आत झोपणार म्हणाले ना, म्हणून खास लिहिलं.

बेलआईल
मुक्त यांचं सगळं बरोबर. मी तरी म्हणेन सर्व्हेमध्ये चांगली निघाली तर २५ फुटी सोडू नका. पोरं दोन वर्षांत मोठी होतात, मैत्रिणींना आणतात. आणि मेव्हणा धरून तुम्ही आठ, आई-बाबा दहा. १९ फुटीत दहा जण?

तिरका_नांगर
दहा जण १९ फुटीत नाहीच. २० फुटांखालच्या बोटीला कोस्ट गार्डची प्लेट असते, स्टिअरिंगजवळ बघा, माणसं किती आणि एकूण वजन किती. ढोबळ हिशोब लांबी गुणिले रुंदी भागिले पंधरा, फुटांत. १९ गुणिले ८ म्हणजे दहा येतात, पण त्यात माणूस १५० पौंडांचा धरलाय आणि आपली मंडळी गणपतीच्या जेवणानंतर काय असतात ते मी लिहित नाही. प्लेटवर बहुतेक आठच्या आसपास असेल.

गंमत अशी की २५ फुटीला ती प्लेट कायद्याने लागत नाही. म्हणजे आकडा लिहिलेला नाही, आणि आपल्याकडे "अजून दोघं बसतील की" म्हणणारा एक काका असतोच. लहान बोटीत प्लेट दाखवून नाही म्हणता येतं. मोठ्या बोटीत नाही म्हणायला तुम्हीच लागता.

लेकवाली
विसर्जनाच्या वेळी बोटीची आठवण सगळ्यांना येणार हे पण धरून चाला.

पक्या
अवांतर: सेंट क्लेअरवर ज्यांचा व्हिसा आहे त्यांनी जीपीएसवर बॉर्डरची रेघ चालू ठेवा. नुसतं जाऊन परत आलं तर ठीक, पण पलीकडे नांगर टाकला किंवा उतरलात की कॅनडाला रिपोर्ट करावं लागतं, आणि परत येताना अमेरिकेला. पासपोर्टवरचं व्हिसाचं स्टँपिंग संपलेलं असेल तर पोहायला गेलो होतो हे सांगत बसाल.

नोव्हीकर
सगळ्यांचे आभार. काल दोन्ही बोटी परत बघून आलो, या वेळी सौ. आणि मुलांसकट. मुलाला कडेला उभं केलं, १९ फुटीत कड पोटाच्या वर लागते. केबिनचं टॉयलेट उघडून सौ. आत गेली आणि बाहेर येऊन फक्त माझ्याकडे बघितलं.

बेलआईल, तुमचं मस्कमूटचं वर्णन वाचून अजूनही मोह होतोय हे कबूल. पण आम्ही खरे जाणार कास लेकलाच, संध्याकाळचे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं फक्त मी मान्य करत नव्हतो. २५ फुटी बाद. आता मुक्त म्हणतात तसं २० ते २१ फुटी आउटबोर्ड बघतोय, मागे पायरी असलेली, डॉककडून चढायला आईला बरी पडेल. वजन चार हजार सातशेच्या वर जाऊ देणार नाही, ट्रेलर धरून. मेव्हणे दोन खेपांत येतील. आई-बाबा असताना एखाद्या शनिवारी पाँटून भाड्याने घेऊ, अनघाताई खूश.

अनघा_कॅन्टन
खूश!

मुक्त_मोटार
ट्यूब ओढणार असाल तर चालवणारा सोडून एक माणूस मागे बघायला लागतो, मिशिगनचा नियम आहे. मुलगी ट्यूबवर, मुलगा लहान, म्हणजे तुम्ही दोघंही बोटीत हवेत. आणि तलाव बदलताना ड्रेन प्लग (तळातलं पाणी सोडायचं बूच) काढूनच रस्त्यावर या, २०१९ पासून कायदा आहे. झेब्रा शिंपले १९८८ मध्ये सेंट क्लेअरमध्येच सापडले होते पहिल्यांदा, तेव्हापासून कितीतरी तलाव त्यांनी भरलेत.

लेकवाली
प्लग काढायची आठवण ठीक, पण परत लावायची आठवण कोण करणार? दर उन्हाळ्यात रॅम्पवर एक तरी बोट प्लग न लावता पाण्यात उतरते.

सौ_नोव्हीकर
चावीच्या जुडग्यालाच प्लग बांधणार आहे. चावी फिरवायची तर आधी प्लग हातात येईल.

पक्या
हे भारी आहे, मी पण करतो.
नोव्हीकर, २१ फुटीची लिस्टिंग सापडली की इथे टाका, वजनाचा हिशोब एकदा सगळे मिळून बघू. ट्रेलरचं वजन विकणारे नेहमी विसरतात.